फासे कोणाचे, निवाडा कोणाचा?

१९७४ च्या जानेवारीत अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून एक खोका विक्रीला निघाला. आत तपकिरी मुखपृष्ठांच्या तीन पातळ पुस्तिका होत्या. खेळाचं नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, लेखक गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन, पहिली छपाई हजार प्रतींची. आज हा खेळ चालवणाऱ्याला सगळे ‘डंजन मास्टर’ म्हणतात, घाईत नुसतं ‘डीएम’. त्या तीन पुस्तिकांत मात्र हे नाव कुठेच सापडत नाही. तिथे शब्द आहे ‘रेफरी’, म्हणजे पंच. ‘मास्टर’ खेळाडूंच्या तोंडी रुळला, १९७५ मध्ये कंपनीच्या छापील पुरवणीत शिरला आणि १९७९ साली तर त्याच्यासाठी ‘डंजन मास्टर्स गाइड’ नावाचा वेगळा जाडजूड ग्रंथच निघाला. पाच वर्षांत पंचाचा मालक झाला.

हा खेळ कधी न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगायला हवं. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात आणि प्रत्येकाकडे एकेक पात्र असतं: कुणी तलवारबहाद्दर, कुणी जादूगार, कुणी चोर. एका व्यक्तीकडे मात्र स्वतःचं असं पात्र नसतं. ती सांगते की तळघराचं दार बंद आहे, आतून खरवडल्याचा आवाज येतो आहे, तुम्ही काय करता? चोर म्हणतो, कुलूप उघडतो. फासा पडतो. जमलं की नाही आणि जमलं तर आत काय दिसलं, हे तीच व्यक्ती ठरवते. खानावळीची मालकीण, वाटेतला भिकारी, गुहेतला राक्षस, हे सगळे तिच्याच तोंडून बोलतात. पाऊस तीच पाडते. कधी कधी देवही तीच होते.

तिला काय म्हणायचं, हा वरवर पाहता खेळाच्या परिभाषेचा प्रश्न आहे. पण ज्याने जग रचलं, संकटं पेरली, सगळ्यांना वाचा दिली आणि वर निवाडाही करायचा आहे, त्याचं त्या जगातल्या जिवांशी नातं कोणतं? तो स्वामी की साक्षी? न्यायाधीश की कथेकरी? ईश्वराविषयी हेच प्रश्न दर्शनकारांनी शतकानुशतकं विचारले आहेत. इथे ते सात-आठ चौरस फुटांच्या टेबलावर, चहाच्या कपांमध्ये येऊन बसतात, आणि एका अर्थी जास्त स्पष्ट दिसतात, कारण इथला निर्माता समोरच बसलेला असतो. त्याला जाब विचारता येतो.

या पदाचा इतिहास प्रशियाच्या सैन्यात सुरू होतो. १८२४ मध्ये राइसविट्झ नावाच्या तरुण लेफ्टनंटने, वडिलांच्या कल्पनेवर काम करून, ‘क्रीगश्पील’ या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. १:८००० प्रमाणाचा नकाशा, प्रत्येक चाल प्रत्यक्षातल्या दोन मिनिटांची. दोन्ही बाजूंचे अधिकारी आपले हुकूम लिहून एका तिसऱ्या माणसाकडे देत. तो सोंगट्या हलवी, फासे टाकून हानी ठरवी, आणि ज्या बाजूच्या नजरेच्या टप्प्यात जेवढं येईल तेवढंच तिला दाखवी. शत्रूची घोडदळाची तुकडी टेकडीमागे असेल तर ती फक्त त्यालाच ठाऊक असे. त्याला राइसविट्झने दिलेलं नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे: ‘फेरट्राउटर’, म्हणजे ज्याच्यावर विसंबावं असा विश्वासातला माणूस. सगळं माहीत असलेल्याला त्याने अधिपती म्हटलं नाही. पुढे १८७६ मध्ये फेर्दी द्यु व्हर्न्वा या अधिकाऱ्याने कोष्टकं आणि फासे बाजूला ठेवायला सांगितलं. अनुभवी अधिकाऱ्याचा निवाडा पुरेसा आहे, असं त्याचं म्हणणं होतं. तेव्हा त्या विश्वासाचं वजन आणखी वाढलं.

खरी कलाटणी मिळाली १९६९ मध्ये, मिनेसोटात. डेव्हिड वेझली या तरुणाने चार्ल्स टॉटनच्या १८८० सालच्या जुन्या युद्धखेळाच्या ग्रंथावरून प्रेरणा घेतली होती. खेळाडू जे काही करू पाहील ते करू द्यावं आणि त्याचं काय होईल ते पंचाने ठरवावं, हे तत्त्व त्याला तिथे मिळालं. त्याने ब्राउनश्टाइन नावाचं काल्पनिक जर्मन गाव रचलं आणि नेपोलियनकालीन लढाईचा डाव मांडला. अपेक्षेपेक्षा जास्त गडी आले, म्हणून त्याने त्यांना गावातल्या असामींच्या भूमिका वाटून टाकल्या. सैन्यं नकाशावर यायच्या आधीच मंडळी इकडेतिकडे पांगली, परस्परांशी कानगोष्टी करू लागली. दोघांनी तर द्वंद्व लढायचं ठरवलं, ज्याच्यासाठी वेझलीकडे एकही नियम तयार नव्हता. सगळा डाव हातातून निसटला, खेळ फसला, असं त्याला वाटलं. खेळाडूंना मात्र तो इतका आवडला की त्यांनी पुन्हा मागितला. त्यांच्यातलाच एक आर्नेसन. त्याने १९७१ पासून आपलं ‘ब्लॅकमूर’ हे काल्पनिक जग चालवलं, आणि त्यातून गायगॅक्सच्या साथीने तो तपकिरी पुस्तिकांचा खोका आला. पंचाचा ताबा सुटला त्या संध्याकाळी हा प्रकार जन्माला आला. त्या पंचालाच पुढे ‘मास्टर’चं नाव मिळावं, हे इतिहासाला धरून नाही.

तरीही ते नाव चिकटलं, आणि त्याला कारण आहे. प्रशियाच्या खेळात दोन पक्ष होते आणि पंच मधला. आर्नेसनच्या तळघरांत सगळे खेळाडू एका बाजूला आले. मग समोरची बाजू कोणाची? तीही पंचाचीच झाली. राक्षसांसाठी फासा तोच टाकणार, आणि तो लागला का हेही तोच सांगणार. महाभारतातल्या सभापर्वात दुर्योधनाने डाव लावायचा आणि फासे शकुनीने टाकायचे असं ठरलं, तेव्हा एकासाठी दुसऱ्याने खेळणं बरोबर नाही अशी हरकत युधिष्ठिराने घेतली होती. त्या हरकतीचा रोख हितसंबंधावर होता. डीएमच्या खुर्चीत हा हितसंबंध रचनेतच आहे. जो शत्रू आहे, रणभूमीही आहे आणि पंचही आहे, त्याला नुसतं पंच म्हणणं लोकांना अपुरं वाटलं असणार.

आता एक प्रसंग जवळून पाहू. २०१४ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांनुसार, पात्राचे प्राणांक शून्यावर आले की ते बेशुद्ध पडतं आणि मृत्यूशी झुंजू लागतं. आपली पाळी आली की खेळाडूने वीस बाजूंचा फासा टाकायचा. दहा किंवा वर आलं तर एक यश, खाली आलं तर एक अपयश. तीन यशं आधी जमली तर जीव टिकतो, तीन अपयशं आधी जमली तर पात्र संपतं. वीस पडले तर ते एका प्राणांकासह डोळे उघडतं. एक पडला तर दोन अपयशं एकदम. समजा, एखाद्या मुलीने दोन वर्षं सांभाळलेली योद्धी ड्रॅगनच्या आगीत कोसळली आहे. एक अपयश आधीच लागलं आहे. फासा घरंगळतो आणि एकवर थांबतो. टेबल गप्प होतं.

तिला कोणी मारलं? फाशाने? नियमाने? ती स्वतःच पुलावरून पुढे धावली होती, म्हणून तिच्याच करणीने? की ज्याने त्या पुलापलीकडे ड्रॅगन ठेवला त्याने?

ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात हाच आक्षेप ईश्वरावर घेतला आहे. जग त्याने निर्माण केलं असेल तर देव सुखात, पशू दुःखात आणि माणूस दोन्हींच्या मध्ये, असं का? तो पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का? उत्तर दिलं आहे की नाही, कारण ईश्वर मनमानीने वागत नाही, जिवांच्या धर्माधर्माच्या अपेक्षेने वागतो. शंकराचार्य तिथे पावसाचा दृष्टान्त देतात. पाऊस सगळ्या पिकांना सारखाच पडतो, भात आणि जव यांतला फरक ज्याच्या त्याच्या बीजातून येतो. कोणताही जाणता डीएम स्वतःविषयी हेच सांगेल: मी पुलापलीकडे ड्रॅगन आहे याच्या खुणा दिल्या होत्या, जळलेली झाडं दाखवली होती, पुढचं तुमच्या निवडीवर आणि फाशावर होतं.

पण इथे एक अडचण आहे, आणि ती सूत्रकारांच्याही ध्यानात आली होती. सृष्टीच्या आरंभी तर कुणाचं कर्मच नव्हतं, मग पहिला भेद कुठून आला? यावर त्यांचं उत्तर असं की संसार अनादी आहे. आरंभ असा नाहीच, मागे कर्म आहे आणि त्याच्या मागेही कर्म. खेळ चालवणाऱ्याला हे उत्तर वापरता येत नाही. त्याचं जग परवा रात्री वहीत लिहिलेलं असतं. त्या योद्धीच्या पूर्वकर्माचा एकच परिच्छेद आहे आणि तोही तिच्याच खेळाडूने लिहिलेला. पहिला ड्रॅगन कुणाच्याही कर्माचं फळ नाही. तो एका माणसाने ठेवला आहे.

मग त्याला तो अधिकार कुठून आला? बरोबर बसलेल्यांनी दिला म्हणून. दुसरं उत्तर प्रस्तुत लेखकाला सापडत नाही. गेल्या काही वर्षांत खेळणाऱ्यांनी हे उघडपणे मान्य करायला सुरुवात केली आहे. पहिल्या डावाआधी एक बैठक होते, तिला ‘सेशन झिरो’ म्हणतात. कशा प्रकारचं जग हवं, मृत्यू किती सहज यावा, कोणत्या गोष्टी या टेबलावर आणायच्याच नाहीत, हे तिथे बोलून ठरतं. २०२० च्या अधिकृत पुस्तकातही या बैठकीची पद्धत दिली आहे. त्याआधी, २०१३ मध्ये, जॉन स्टाव्रोपोलोस यांनी याहून साधी गोष्ट मांडली: टेबलाच्या मध्यावर एक कार्ड, त्यावर पेनाने काढलेली फुली. चाललेलं काही कुणालाही असह्य झालं तर त्याने कार्डाला हात लावायचा. तो भाग तिथेच काढून टाकला जातो आणि कारण विचारलं जात नाही. कार्ड खेळ चालवणाऱ्यालाही खुलं असतं. ज्या जगाच्या मध्यभागी असं कार्ड ठेवलेलं आहे, त्या जगाचा निर्माता स्वामी असू शकत नाही. ईश्वराच्या बाबतीत जे काम अनादित्व करतं, ते इथे संमतीला करावं लागतं. म्हणूनच राइसविट्झचा शब्द, दोनशे वर्षांपूर्वीचा आणि सैनिकी असूनही, सगळ्यांत खरा वाटतो.

या संमतीची कसोटी पडद्यामागे लागते. बहुतेक डीएम समोर पुठ्ठ्याचा घडीचा पडदा उभा करतात. त्यामागे नकाशे, टिपणं आणि त्यांचे फासे. ड्रॅगनचा घाव प्राणघातक पडला, पण पडद्याआडचा आकडा इतर कुणी पाहिलेला नाही. सांगताना तो कमी करावा का? गायगॅक्सने १९७९ च्या ग्रंथात याची मुभा दिली होती. खेळाडूने सगळं नीट केलं असतानाही केवळ वाईट फाशाने पात्र मरत असेल, तर मरणाऐवजी हात किंवा डोळा गमावण्यावर निभावू द्यावं, असा त्याचा सल्ला होता. धर्माच्या भाषेत ही कृपा. आणि कृपेचा जुना पेच इथे जसाच्या तसा आहे. एकीला वाचवलं तर गेल्या महिन्यात दुसऱ्याचा जादूगार तशाच फाशाने मेला, त्याचं काय?

फ्रेंच पाद्री-तत्त्वज्ञ मालब्रांश याने १६८० मध्ये ईश्वराविषयी लिहिताना असं मांडलं होतं की देव थोड्या आणि सर्वव्यापी नियमांनी जग चालवतो. पेरलेल्या शेतावरही पाऊस पडतो आणि समुद्रावरही, कारण प्रत्येक थेंबासाठी वेगळा निर्णय घेणं त्याच्या प्रज्ञेला शोभत नाही. जे डीएम पडदा काढून सगळ्यांसमोर फासे टाकतात, ते मालब्रांशच्या बाजूचे. त्यांच्या टेबलावर मृत्यू जास्त होतात. पण वाचलेलं प्रत्येक पात्र खरोखर वाचलेलं असतं, कुणी गुपचूप वाचवलेलं नसतं. लेखकाचं मत याच बाजूला झुकतं. कृपा करायची तर उघड करावी: हा फासा मला मान्य नाही, तुमची हरकत नसेल तर तिचा एक हात गेला असं धरू. पडद्याआड केलेली कृपा ज्याच्यावर होते त्याला कळतच नाही, आणि जी संमती घेऊन सगळे बसले आहेत ती मात्र त्यामुळे नकळत खर्ची पडते.

१९८० च्या दशकात अमेरिकेतल्या अनेक धार्मिक मंडळींनी या खेळावर हल्ला चढवला. १९८३ मध्ये पॅट्रिशिया पुलिंग यांनी त्याविरुद्ध संघटना काढली, १९८४ मध्ये जॅक चिक या प्रचारकाच्या चित्रपुस्तिकेने मुलं या खेळातून थेट सैतानाच्या नादी लागतात असं रंगवलं. त्यांना राक्षसांची नावं खुपत होती. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून कंपनीने डेमन आणि डेव्हिल हे शब्द वगळलेही. ‘मास्टर’ जागेवर राहिला. एका माणसाने दुसऱ्यांच्या कल्पित जीवनावर किती सत्ता घ्यावी, हा खरोखरचा धार्मिक प्रश्न त्या सगळ्या गदारोळात कुणीच विचारला नाही.

तो प्रश्न खेळ रचणाऱ्यांनीच विचारला, आणि नावं बदलत विचारला. ‘डंजन मास्टर’ हे नाव एका कंपनीच्या खेळाशी जोडलेलं असल्याने इतरांना वेगळं नाव शोधावंच लागलं. १९७७ च्या ‘ट्रॅव्हलर’ने रेफरी ठेवला. १९८१ च्या ‘कॉल ऑफ कथुलू’त तो ‘कीपर’, गूढ विद्येचा राखणदार. १९८४ च्या मार्व्हल खेळात ‘जज’. ‘नोबिलिस’ या खेळात खेळाडू स्वतःच देवतुल्य शक्ती असतात आणि खेळ चालवणाऱ्याला ‘हॉलीहॉक गॉड’ म्हणतात, एका फुलाच्या नावाचा देव. १९९१ मध्ये ‘व्हॅम्पायर: द मास्करेड’ने ‘स्टोरीटेलर’ आणला आणि तो फार लोकप्रिय झाला.

मराठी मनाला या ‘स्टोरीटेलर’साठी लगेच ‘सूत्रधार’ सुचेल, आणि त्याला चांगला आधार आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं, तेव्हा सूत्रधार नाटकभर रंगमंचावर राहून पदं म्हणत असे आणि पात्रं त्या प्रसंगावरचं गद्य संभाषण आपल्या मनाने, आयत्या वेळी बोलत. कोकणातल्या दशावतारात आजही संवाद लिहिलेले नसतात. एकाने प्रसंग उभा करायचा, बाकीच्यांनी त्यात उतरून बोलायचं, ही रीत टेबलावरच्या खेळाच्या इतकी जवळ आहे की आश्चर्य वाटतं. तरी लेखकाला हे नाव मान्य नाही. भाव्यांच्या सूत्रधाराला ठाऊक असतं की धनुष्य रामच मोडणार. प्रेक्षकांनाही ठाऊक असतं. तिथला आनंद त्या ठाऊक असण्याचा आहे. खेळात शेवट आधी ठरवून खेळाडूंना तिकडे ढकलत नेलं, तर त्यांच्या निवडीला अर्थच उरत नाही. खेळाडू याला ‘रेलरोडिंग’ म्हणतात आणि चांगल्या अर्थाने म्हणत नाहीत.

ईश्वराला भविष्य ठाऊक असेल तर माणूस मोकळा कसा, हा पेच विल्यम जेम्सने १८८४ मध्ये बुद्धिबळाच्या दाखल्याने सोडवू पाहिला होता. कसबी खेळाडूला नवख्याची नेमकी पुढची चाल ठाऊक नसते, पण कोणत्याही चालीला आपलं उत्तर आणि शेवटचा जय ठाऊक असतो. टेबलावरचा निर्माता याहूनही कमी जाणतो. त्याला जयही ठाऊक नसतो, आणि असू नये. २०१० च्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’मध्ये व्हिन्सेंट बेकर यांनी त्याला ‘एमसी’, म्हणजे समारंभाचा संचालक, असं साधं नाव दिलं आणि त्याच्यावरच नियम घातले: तो फासे टाकत नाही, त्याने कधी काय करायचं याची ठरावीक यादी आहे, आणि पुढे काय होतं हे शोधायलाच त्यानेही खेळायचं आहे. निर्माताही नियमांनी बांधलेला आहे, ही गोष्ट इथे सल्ला म्हणून न राहता नियम म्हणून लिहिली गेली.

काहींनी तर खुर्चीच काढून टाकली. २००९ चा ‘फियास्को’, २०११ चा ‘मायक्रोस्कोप’, २०१३ चा ‘द क्वाएट इयर’ यांत कुणीच वेगळा चालक नाही. नियमच फळ देतात. ब्रह्मसूत्राच्या तिसऱ्या अध्यायात जैमिनीचं मत नोंदलं आहे की कर्मच आपलं फळ देतं, मध्ये ईश्वर कशाला? सूत्रकार बादरायण ते मान्य करत नाही. पुढे नैयायिक उदयनाचार्यांनी या अंगाने युक्तिवाद केला की अदृष्ट, म्हणजे कर्माची न दिसणारी शिल्लक, जड आहे, त्याला चालवायला कुणीतरी चेतन हवा. २०१८ चा ‘आयर्नस्वॉर्न’ एकट्यानेही खेळता येतो. त्यात खेळाडू प्रश्न विचारतो, समजा, गढीत पहारा आहे का? मग तो स्वतःच ठरवतो की हे बहुधा खरं असावं, आणि शंभराचा फासा टाकतो. सव्वीस किंवा वर आलं तर होय. फासा जडच आहे. पण ‘बहुधा’ हे फाशाने ठरवलं नाही, आणि ‘होय’ आल्यावर पहारेकरी किती, झोपलेले की जागे, हेही तो सांगत नाही. खुर्ची काढली तरी काम उरतंच, ते वाटलं जातं एवढंच. इथे उदयनाचार्यांचं पारडं जड दिसतं.

काम वाटून घेण्याची जुनी आणि लेखकाला सगळ्यांत आवडलेली तऱ्हा ‘आर्स मॅजिका’त सापडते. १९८७ चा हा खेळ जोनाथन ट्वीट आणि मार्क राइन-हेगन यांचा. पुढे ‘स्टोरीटेलर’ हे नाव रूढ करणारे राइन-हेगन हेच. मध्ययुगीन युरोपातल्या जादूगारांचा एक मठ सगळे मिळून उभा करतात, प्रत्येकाचा आपला जादूगार असतो, आणि खेळ चालवणाऱ्याला ‘स्टोरीगाइड’, वाट दाखवणारा, म्हणतात. पण ही जागा मंडळीत फिरती ठेवता येते. या महिन्यात एकीने डोंगरातल्या पऱ्यांची गोष्ट चालवायची. तेवढ्या काळापुरता तिचा जादूगार ग्रंथालयात अभ्यास करत बसतो. पुढच्या महिन्यात ती उठून खेळाडूंत येते आणि दुसरा त्या जागी बसतो. आज आपण ज्याच्या जादूगाराचा पाय मोडला असं सांगितलं, त्याच्यासमोर पुढच्या खेपेला आपलाच जादूगार कड्याच्या टोकावर उभा असणार, हे त्या खुर्चीत बसताना प्रत्येकाला ठाऊक असतं, आणि निवाडा देताना ते त्याच्या आवाजात उतरतं.